शेऱ्याचा रकाना

दर महिन्याच्या पाच तारखेला मी जाते
बंद जिनिंगच्या मागच्या चाळीत,
काखेत रजिस्टर, दोरीला चष्मा.
पोलीस पाटील म्हणून जाते. चहा घेत नाही.

आठ माणसं राहतात तिथं,
नागपूरच्या दवाखान्यातून बरी होऊन आलेली,
घरच्यांनी न नेलेली.
झाडे मास्तर अजून पाढे म्हणतात,
पण सत्तावीसचाच.
गुणवंता कोडापे माणसांशी बोलत नाही,
कुंपणापल्याडच्या बकऱ्यांना मात्र सगळं सांगतो.
आणि एक पोरगा, मलकापूरकडचा, त्याला इंजिनियर म्हणतात,
कारण तो नादुरुस्त पंखा उघडून परत जोडतो,
पंखा फिरतो,
आणि एक स्क्रू दरवेळी उरतो.

ग्रामसभेला त्या दिवशी बाया पुढे बसल्या होत्या.
“पोरी ह्याच वाटेनं शाळेत जातेत, पाटीलबाई.
काही झालं त कोन जबाबदार?”
ग्रामसेवकानं ठराव लिहिला:
कुंपण सहा फूट. फाटक सातला बंद.
रात्री तीनदा माणसं मोजायची, नोंद ठेवायची.
खांबावर मोठा दिवा, तोंड त्यांच्या दाराकडे.
हात वर झाले.
माझाही झाला. खोटं कशाला बोलू,
भेव वाटलं होतं मले.

माघात लांजेवारांच्या विहिरीवरची मोटर गेली.
सकाळी सहाला फाटकापाशी चाळीस माणसं,
चार-पाच जणांच्या हाती तुराट्या नव्हत्या, काठ्या होत्या.
मी रजिस्टर उघडून मोठ्यानं वाचलं:
नऊ वाजता आठ. एक वाजता आठ. पाच वाजता आठ.
खाली सही, सुधाकर डंभारे, काळजीवाहक.
आणि कुलूप? कुलूप तर बाहेरून होतं.
लोक पांगले. कुणी माफी मागितली नाही,
पण काठ्या खाली गेल्या, एवढं मी पाहिलं.
मोटर पुढे वणीच्या भंगारात सापडली.
चोराचं नाव साऱ्या गावाला माहीत आहे,
म्हणून कुणी घेत नाही.

त्या रात्री मात्र मला झोप लागेना.
सुधाकर तर दहाला घरी जातो.
दोन गल्ल्या सोडून घर त्याचं, किल्ली त्याच्या खुंटीला.
मग एक वाजता कोण मोजत होतं?
कंदील नव्हे, मोबाइल लावून पुन्हा पाहिलं:
महिनाभराचे आठ एकाच शाईचे,
एकाच बैठकीतले, एकाच बाजूला झुकलेले.
ज्या कागदानं सकाळी माणसं वाचवली
तो कागद खोटा होता.
आत शेगडी, गाद्या, आठ जीव,
आणि कडी आमच्या बाजूला.

दुसऱ्या रात्री एकला एकटीच गेले.
दिवा दारावर असा रोखलेला
की दाराला घाम यावा.
दारावर थाप मारायच्या आधीच आतून आवाज आला,
झाडे मास्तरांचा, शाळेतला:
“कोडापे.” “हजर.”
“इंजिनियर.” “हजर, सर.”
आठ नावं. मग थोडं थांबून,
“बाहेर कोण आहे? नाव सांगा, लिहून घेतो.”

मी नाव सांगितलं.
दार तर मला उघडता येत नव्हतं.

तहसीलच्या छापील फॉर्मात एक प्रश्न आहे:
शेजाऱ्यांना धोका, आहे किंवा नाही.
उलटा प्रश्न कुणी छापलेला नाही.
शेऱ्याचा रकाना तीन बोटं रुंद.
त्यात लिहिलं: मोजणारा माणूस रात्री आत झोपावा.
कडी आतून असावी.
जागा संपली तेव्हा मागच्या पानावर लिहिलं,
पहिली सही मीच तपासायला हवी होती.

पुढच्या सभेला कुणीतरी विचारलंच,
“आतून कडी, अन् ते बाहेर आले त मंग?”
“त येतीन,” मी म्हटलं.
सभा गप्प. कुणीतरी खोकललं.
ठराव पुढच्या महिन्यावर ढकलला.

या पाच तारखेला मी चहा घेतला.
साखर फार होती.
इंजिनियरनं टेबलावर एक स्क्रू ठेवला, म्हणाला,
हा कडीचा आहे, जपून ठेवा,
यावेळी उरणार नाही.