इतकेच

पांढरी शाई चालत नाही, ओनोदेराबाई.
पुसता येणारं पेनही नाही.
एक रेघ वाकडी गेली
की नवा कागद, पुन्हा नावापासून.
हे मी दिवसातून सहा वेळा सांगतो,
नेमुरोच्या रोजगार कचेरीत, तीन नंबरच्या खिडकीवर,
स्टोव्हकडे पाठ करून.

फोटो तीन बाय चार. हसायचं नाही,
पण रुसल्यासारखंही दिसायचं नाही.
मागे नाव लिहून ठेवा.
गोंद सुटला तर
तुमचा चेहरा भलत्याच आयुष्याला चिकटायचा.

या विनोदावर लोक हसतात. ती हसली नाही.
ओळीखालून बोट फिरवत वाचू लागली:
हेइसेइ तीन, मार्च. हायस्कूल पूर्ण.
हेइसेइ तीन, एप्रिल. कारखान्यात रुजू.
आणि मग एकदम
रेइवा सहा. कारखाना बंद, कंपनीच्या कारणास्तव.
तेहतीस वर्षं, दोन ओळी.
खाली चौदा ओळी कोऱ्या,
जानेवारीत गोदी असते तशा.

काम काय करत होता?
"सॅल्मनची अंडी निवडायची."
म्हणजे नेमकं?
तिनं अंगठा आणि तर्जनी जवळ आणली,
मधे काहीच नव्हतं,
तरी ते फुटू नये इतक्या बेतानं.
"दाबलं की कळतं.
मासा नदीत शिरला असेल तर साल निबर,
समुद्रातला असेल तर जिभेवर विरेल असं.
जाड मोजा घातला की बोट बहिरं होतं."

लिहा, मी म्हणालो: दर्जा तपासणी.
नव्या मुलींना शिकवायचा?
"शिकवायचं काय त्यात? शेजारी उभी राहायची पोरगी.
कधी महिन्यात यायचं तिला, कधी येतच नसे."
लिहा: प्रशिक्षण.
आणि आकडे द्या, मालकांना आकडे आवडतात.
दिवसाला किती किलो?
ती मोजू लागली.
ओठ हलत होते. माझ्या मागे स्टोव्ह कुरकुरत होता.
रांगेतला एक माणूस खोकला, मग दुसरा,
ती अजून कुठल्या तरी ऑक्टोबरात होती.

उरला शेवटचा चौकोन:
'आमच्याकडेच नोकरी का हवी?'
वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर, सकाळची पाळी.
इथे सगळे लिहितात,
आपल्या संस्थेच्या सेवाभावी परंपरेने मी प्रभावित झालो आहे.
तयार वाक्य आहे, मीच छापून भिंतीला लावलंय.
तिनं भिंतीकडे पाहिलं
आणि लिहिलं: बसनं अकरा मिनिटं लागतात.
त्याखाली, जरा लहान अक्षरात:
पेजेतली गुठळी मला बोटाला कळते.

हे नाही चालायचं, असं म्हणायला मी तोंड उघडलं.
कोण जाणे का, मिटलं.

आता उजव्या कडेला, तळाशी,
एकच शब्द लिहा: इतकेच.
"तो कशाला?"
पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून. नियम आहे.
तिनं पेन टेकवलं, उचललं.
"आत्ताच लिहायचं?
म्हणजे, नोकरी लागण्याआधीच?"
अठ्ठावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हणालो, हो.
तिनं लिहिलं. अक्षर सुरेख होतं,
फक्त कडेपासून अंमळ अलीकडे,
पुढे बोटभर जागा राहिली.
मी दुरुस्त करायला सांगितलं नाही.

मार्चअखेर मीही निवृत्त होतोय.
पेन्शनला अजून तीन वर्षं आहेत,
पार्किंगवर माणूस हवाय म्हणे.
त्या संध्याकाळी दुकानातून फॉर्मांचं पाकीट घेतलं,
जेवणाचं टेबल पुसलं, चष्मा पुसला,
ज्यांना ज्यांना ताठ बसा म्हणालो त्यांच्यासारखा ताठ बसलो.
कुमागाइ.
माझंच आडनाव,
दुसऱ्या अक्षराला हात हलला.

पाकिटात आठ कागद असतात.
आता सात.