मधाचं बोट

भोक आठ मिलिमीटरचं पाडा, असं माहितीपत्रकात होतं.
माहितीपत्रक तेवढं वेळेवर आलं.

तिसऱ्या पेटीच्या मागच्या फळीत
मी गिरमिट फिरवलं, भुसा फुंकला
आणि यंत्राची वाट पाहत बसलो.
त्याला आता तीन वसंत झाले.

यंत्र मुठीएवढं. पोळ्याशेजारी ठेवायचं,
वायर भोकातून बाहेर.
ते रात्रंदिवस माश्यांचं बोलणं ऐकणार
आणि थवा उठायच्या आदल्या दिवशी
माझ्या फोनला कळवणार: उद्या.
तीनशे चाळीस युरो, आगाऊ.
आइंडहोवनची दोन पोरं, व्हिडिओत हसरी.
एकाचं नाव यूप. त्याच्या बोटावर मध होता.
ते बोट त्याने चाटलं.
मला तरी वाटलं, त्यानेच चाटलं.

पहिल्या वर्षी साचा तडकला.
मग बॅटरीला कुठल्याशा प्रयोगशाळेचा शिक्का मिळेना.
मग शेन्झेनला नववर्षाची सुट्टी.
मग माल रॉटरडॅमला, कागद दुसऱ्याच बोटीवर.
दर महिन्याला घोडं नव्या ठिकाणी पेंड खातं
आणि पत्राची सुरुवात तीच:
प्रिय पाठीराख्यांनो.

मी गिऱ्हाईक होतो, यूप.
पाठ राखायला तुझी आई आहे.

पैसे परत मागितले.
उत्तर आलं, तुमची निराशा आम्ही समजू शकतो,
आणि पुढे एक पिवळा, गोल, रडवेला चेहरा.

गेल्या मे महिन्यात, रविवारी,
मी प्रार्थनेला गेलो असताना पाचवी पेटी उठली.
अर्धी वसाहत, जुन्या राणीसकट,
लिंडनच्या झाडावर तासभर लोंबली,
मग बोश्त्यानच्या धुराड्यात शिरली.
बोश्त्यान शिडी धरून उभा.
म्हणाला, तुझ्या फोनने काही सांगितलं नाही?

पाद्री चांगला माणूस आहे.
म्हणाला, एका अर्थी बरंच झालं,
यंत्र नाही म्हणून तू पुन्हा
लाकडाला कान लावायला शिकलास.

फादर, कान लावतो खरा.
लाकूड गार लागतं. एवढंच.

एके काळी मला ऐकू यायच्या
कोठडीतल्या कोवळ्या राण्या,
दुसरा थवा निघायच्या आदल्या संध्याकाळी.
एक बाहेरून तुतारीसारखी,
दुसरी आतून, बंद दाराआडून, बदकासारखी.
बायको हात पुसत यायची, विचारायची, किती आहेत?
मी बोटं दाखवायचो.
आता क्रान्यच्या डॉक्टरीणबाई कागदावर
माझ्या कानांची उतरण काढून दाखवतात.
पैसे मी हौसेने नव्हते भरले.

रागाचं काय करायचं माणसाने?
आमच्याकडे पेटीच्या कपाळावर चित्र रंगवतात.
आजोबांच्या फळीवर
शिकाऱ्याची अंत्ययात्रा आहे,
अस्वल आणि ससे मिळून त्याला खांद्यावर नेतात.
हिवाळ्यात मी नवी फळी घेतली.
एक गोगलगाय काढली, पाठीवर खोका.
मागे कंदील धरून माश्यांची रांग,
आणि खोक्यावर बसलेला यूप, चाटून गुळगुळीत बोट वर केलेला.
त्याचे कान मला जरा मोठे झाले.
पुसले नाहीत.

मंगळवारी एक क्रमांक आला, बावीस आकडी.
टपालखात्याच्या नोंदीत लिहिलंय:
पार्सलची माहिती मिळाली. पार्सल मिळालेलं नाही.
नेझा फोनवर ओरडते, बाबा, सोड आता तो नाद.
ती माझ्यासाठी ओरडते की रागाने,
फोनवर हल्ली मला वेगळं करता येत नाही.

माश्यांना उघडं भोक खपत नाही.
चिनारांवरून राळ आणतात, चावून मऊ करतात,
उन्हाळा संपायच्या आत बुजवून टाकतात,
तांबूस, कठीण, त्यांच्या दृष्टीने काम पुरं.

आज सकाळी दंव होतं.
मी गिरमिट घेतलं,
आठ मिलिमीटरचं पातं लावलं
आणि पुन्हा गेलो.