उच्चतम आदरासह

पत्र आधी तिसऱ्या मजल्यावर उघडलं जायचं,
मग दोन सह्या, एक शिक्का,
आणि चारच्या सुमारास ते माझ्याकडे,
तळघरात, हीटरशेजारी.
सोफियात तेव्हा तुर्की बोलायला मनाई होती.
ट्राममध्ये बोललात तर पाच लेव्हा दंड,
या टेबलावर लिहिलीत तर महिन्याचा पगार.

अंकाराचे महामहिम लिहीत होते,
'आपल्या देशात राहणाऱ्या आमच्या रक्ताच्या माणसांची नावं…'
मी तो 'नावं' शब्द बल्गेरियनमध्ये नेला
काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा,
वाटेत काही सांडू न देता.

त्या जानेवारीत कर्जालीला गुडघाभर बर्फ होतं.
रांग नगरपालिकेपासून थेट बेकरीपर्यंत.
खिडकीत यादी, यादीत चालतील अशी नावं,
आणि एक पोरगेलासा कारकून:
लवकर निवडा, मागे माणसं आहेत.
मुझय्यन खिडकीशी गेली, मार्गारिता परत आली.
आईने निवडलंच नाही.
कारकुनानेच दिलं तिला, बहुधा स्वतःच्या मावशीचं.
आजोबा रुफात जाऊन बारा वर्षं झालेली,
दप्तरात त्यांचंही बदललं.
पोरगी नाव काढील, म्हणायचे ते मला मांडीवर घेऊन,
तंबाखूची पानं ओवता ओवता.
काढलं.

उत्तराचा मसुदा शुक्रवारी आला.
'महामहिम, आपली माहिती चुकीच्या सूत्रांवर बेतलेली आहे.
असे कुणी आमच्याकडे नाहीत.
जे आहेत, त्यांनी आपली नावं स्वेच्छेने…'

स्वेच्छेने.
माझ्या भाषेत याला तीन शब्द.
एक कोर्टातला, एक लग्नातला,
आणि एक आई वाढताना वापरते तो:
मनाला येईल तेवढंच घे, उरलं तर उरू दे.
मी बराच वेळ हीटरवर हात धरून बसले.
मग कोर्टातला टाइप केला.
लग्नातला घेतला असता
तर खोटं फार देखणं झालं असतं.

शेवटच्या ओळीवरून मात्र दोघांचं कधी भांडण नव्हतं.
'या निमित्ताने आपल्याविषयीचा उच्चतम आदर
पुन्हा एकवार व्यक्त करतो.'
ती मी डोळे मिटून टाइप करायचे.
त्याच आठवड्यात तिकडून हेझलनटची पेटी आली,
इकडून गुलाबाच्या अत्तराच्या सहा कुप्या गेल्या.
आभाराची पत्रंही माझ्याच टेबलावरून.

खाली लिहायचं असे: भाषांतर मुळाबरहुकूम.
आणि सही.
पहिलं अक्षर काढलं, M.
दोन्ही लिप्यांत ते सारखंच दिसतं,
दोघींचं होतं ते,
तेवढ्यापुरता हात थरथरला नाही.
पुढचं सगळं गिरगटलं, कुणालाच लागू नये असं.
त्स्वेतानोव्ह साहेब चष्म्यावरून म्हणाले,
बाई, सही वाचता येईल अशी करा,
कागद परदेशी जायचाय.

रात्री घरी आई नळ पूर्ण सोडायची,
घासायला भांडं नसलं तरी.
भिंतीपलीकडे शेजारी होते.
पाणी धो धो वाहत असायचं
आणि त्या आवाजाआडून, एकदाच,
ती मला जेवायला हाक मारायची.