डोकी मोजताना

अकरा.
नाश्त्याला अकरा, बसमध्ये अकरा,
लवंगेच्या बागेत अकरा,
आणि दालचिनीची साल हुंगून झाल्यावर दहा,
कारण वेइक्को पुन्हा झाडामागे गेलेला.
थांबते. येतो तो, विजार सावरत.
अकरा.

फिनलंडची माणसं.
सगळ्यांत धाकटी एकोणसत्तरची.
माझ्या वहीत नावांपुढे दुखणी लिहिलेली:
गुडघा, गुडघा, साखर, डावा कान,
पुन्हा गुडघा,
आणि आउनेबाईंपुढे, त्यांच्याच अक्षरात,
‘विचारू नये’.

पोले पोले, म्हणजे सावकाश सावकाश,
असं छापलेले सदरे सगळ्यांनी घेतले दगडी शहरात.
आम्ही झांझिबारी ते म्हणत असतो नुसतं.
ह्यांना म्हणावं लागत नाही.

जंबियानीच्या किनाऱ्यावर
तोइवोने पाय घातला पाण्यात.
चाळीस वर्षं बर्फ फोडणाऱ्या बोटीवर काढलेला माणूस.
बराच वेळ तसाच उभा. मग काहीतरी पुटपुटला
आणि सगळी म्हातारी मंडळी हसत सुटली.
आउनेबाईंनी मला इंग्रजीत सांगितलं:
म्हणतोय, खालची चूल
विझवायची राहिलीय कुणाची तरी.

ओहोटीला आमचा समुद्र अर्धा कोस मागे सरतो.
मी बजावलं होतं, लांब जाऊ नका,
जाताना तो सगळ्यांना दिसतो,
येताना पाठीमागून येतो.
माना डोलावल्या सगळ्यांनी.
माना डोलावण्यात ही माणसं फार तयार.

चार वाजता दहा.
पुन्हा मोजलं. दहा.
वेइक्को होता. झाडामागे कुणी नव्हतं.
माडाच्या बुंध्याशी चपला, जोडीने लावलेल्या,
आणि उजव्या चपलेत गोळ्यांची डबी.
गुरुवारचा कप्पा रिकामा.
म्हणजे गोळी घेऊन गेली होती केर्त्तू,
डाव्या कानाची, आठवड्यात चार वाक्यं बोललेली.

मी धावले. समुद्रसाळूंचे काटे चुकवत,
लहानपणी धावायचे तशी,
फक्त तेव्हा पगार कापला जायची भीती नव्हती.

शेवाळाच्या शेतात सापडली.
मांडीभर पाण्यात बसकण मारून,
समोर माझी आत्या, बी मोझा,
दोघींच्या मध्ये दोरी,
आणि दोरीला केर्त्तू शेवाळाचे झुबके बांधत होती
न बघता. बोटं आपापली चालत होती.
पुढे कळलं, तिचं बालपण जाळी विणण्यात गेलेलं,
बर्फाखाली सोडायची जाळी.

आत्याही चौऱ्याहत्तरची.
हात तसेच, मिठाने चिरलेले,
फक्त तिच्या चिरा भरून यायला
कधी सुट्टी मिळाली नाही.

आत्या, पाणी चढतंय, मी ओरडले.
दिसतंय, ती म्हणाली. सहा दोऱ्या राहिल्यात.
आणि हिला ओरडू नकोस,
तुझ्यापेक्षा बरं बांधते.
तू तर बांधायला लागलीस की रडायचीस.

खरं होतं ते.
म्हणून तर मी तीन भाषांतलं ‘पायाखाली बघा’ शिकले
आणि ही छत्री, हा गळ्यातला फोटो.

दोन दोऱ्या मी बांधल्या. वाईट बांधल्या.
मग तिघी निघालो. पाणी पोटरीला, मग गुडघ्याला,
केर्त्तूने माझं कोपर धरलेलं.
निदान मला तरी तसं वाटत होतं.
खड्ड्यात पाय गेला तेव्हा
ती हललीसुद्धा नाही, मीच लोंबकळले.

बसपाशी आत्याला म्हटलं, चल, घरापर्यंत सोडते.
तिने बसकडे बघितलं, आपल्या ओल्या कांग्याकडे बघितलं,
नको म्हणाली. सीट भिजेल.

अकरा.
वेइक्को येईपर्यंत दहा.

दीड महिन्याने शेवाळ काढलं
तेव्हा आत्याचा फोन आला.
तुझ्या त्या म्हातारीला सांग,
तिच्या गाठी सुटत नाहीत.
सुरी लावावी लागली. चांगली दोरी वाया गेली.
पत्ता आहे ना तुझ्याकडे? सांग तिला.

आहे पत्ता.
पण आज ऑस्ट्रियाचा गट आलाय, एकोणीस जण,
आणि पहिल्याच मोजणीत
वीस भरले.