डचेसचं अंगण

जाळी नको, नोरीन म्हणते,
पलीकडचं दिसलं की डचेस
दिवसभर तिथंच डोकं घासतो.
फळ्याच लाव, सलग.

हलच्या या परसात ऊन
अकराला येतं, दोनला निघतं.
तेवढ्याच पट्ट्यात मी खणतोय, हातभर खोल.
कासव पळतं ते खालून.

पाडलेल्या धुराड्याच्या विटा, उपडी अर्धी कुंडी,
पाण्याला बशी,
मुद्दाम राखलेलं पिवळ्या फुलांचं तण.

एकसष्ट साली बाजारातून आणली, तेव्हा ती होती.
बावीस वर्षांनी डॉक्टर म्हणाला, नर.
नाव मात्र अंगवळणी पडलेलं.

दाराची कडी मी सवयीनं वर धरतो.
खाली घे, नोरीन म्हणते,
मला नाही वाकवत आता,
पण तुझ्या लेकीचा हात पोचला पाहिजे.

डचेस कोपऱ्यात जाऊन
नव्या लाकडाचा वास घेतो,
मग एक पाय फळीवर ठेवून बघतो.