एकच इंद्रिय

फळ्यावर लिहिलं: असेंद्रिय.
खडू मध्येच मोडला.
रात्रशाळा, उद्यमनगर, पावणेआठ,
शेजारच्या शेडमधल्या हातोड्याची सुट्टी अजून झालेली नाही.

म्हटलं, शब्द उलगडून बघा.
इंद्रिय. त्याला स जोडला, सेंद्रिय.
त्याच्या दारात अ उभा केला:
ज्याला डोळा नाही, कान नाही, कातडी नाही,
असं सगळं.
मीठ, चुना, तुरटी, गंज,
तुमच्या नखांत अडकलेली साच्याची काळी वाळू.

"मग सेंद्रिय गूळ?" निवास लोहारनं विचारलं,
"यार्डात त्याला किलोमागं वीस रुपये जादा."
गूळ सगळाच सेंद्रिय, मी म्हटलं, पाटी लावा न लावा.
आणि युरियाची गोणसुद्धा, रसायनाच्या हिशेबानं.
वर्ग हसला.
एकेकाळी लोकांची खात्री होती
की युरिया फक्त जित्या देहातच होतो;
मग कुणीतरी प्रयोगशाळेत निर्जीव क्षार तापवून
मूत्रपिंडावाचून तो करून दाखवला.
तेव्हापासून ही भिंत थोडी पोकळ वाजते.
परीक्षेत मात्र भिंत आहे असंच लिहा.

मागच्या बाकावरून आदगोंडा उठला.
दिवसा फौंड्रीत कोअर भाजतो, भुवया अर्ध्या करपलेल्या.
"मॅडम, आमची आई म्हंती,
माती, पाणी, इस्तू, वारं,
ह्यास्नी एक इंद्रिय असतंय.
एकच. स्पर्शाचं.
ती पाणी गाळून घेती,
भुई उगंच उकरू देत न्हाई.
मग ह्यो अ खरा का आई खरी?"

उत्तर तयार होतं, पान बत्तीस.
पण मला आठवला वडिलांचा एक्स-रे,
सीपीआरच्या खिडकीशी धरलेला:
तीस वर्षं साचे भरलेल्या छातीत
चांदणं पडल्यासारखे ठिपके.
डॉक्टर म्हणाले, सिलिका.
विरघळत नाही, कुजत नाही, तिला काही कळत नाही.
वडील म्हणाले, "कळत नसंल कसं?
हात ठेवला की वाळू सांगती
पाणी कमी हाय का जास्त.
मूठ आवळून सोडायची. बोटं उठली की झालं."
आणि रिकामी मूठ त्यांनी आवळली, सोडली, खोकले.

स्पर्श नेमका कुणाला होत होता,
ते विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

"दोन्ही लिही," मी आदगोंडाला म्हटलं,
आणि लगेच, "नको. मार्क जातील."

सहामाहीच्या पेपरात त्यानं व्याख्या बरोबर लिहिली,
उदाहरणं पाच, शुद्धलेखन नेहमीसारखं.
खाली पेन्सिलीनं, पुसता येईल असं:
आईला मान्य न्हाई.
दोनपैकी दोन दिले.
पेन्सिलीचं शिसं म्हणजे निव्वळ कार्बन,
तरी त्याला असेंद्रियातच धरतात,
हे त्याला सांगायचं अजून राहिलंय.

कुलूप लावून बाहेर आले.
चपलेचा अंगठा नीट करायला
काळ्या दगडाच्या पायरीवर टेकले,
तर ऑक्टोबरचं दुपारचं ऊन
दगडानं अजून सोडलं नव्हतं.
जरा वेळ तिथंच बसले.