मागच्या सभेचा वृत्तांत

रेव्हरंड शिमोन रणभिसे
एकोणीस वर्षं मिरजेच्या चर्चमध्ये उभे होते,
मग प्रेसबिटरीनं एका पत्रासरशी
त्यांना कॉलेजात बसवलं.
मी कचेरीत टायपिस्ट.
पहिल्याच दिवशी खुर्ची मागं सारून म्हणाले,
"मगदूम, इतकं बसून माणूस विचार तरी कसा करतो?"

पाळकाची पांढरी पट्टी
दारामागच्या खिळ्याला अडकवली.
शनिवारी झटकून घरी न्यायचे.
पुढं पुढं रविवारीसुद्धा ऑडिट.

"उपदेशाला कुणी दुरुस्ती सुचवत नाही,"
एकदा जिन्यात म्हणाले.
आत पाण्याच्या टाकीवरून
संचालक मंडळ तीन तास भांडलं होतं
आणि टाकी गळतच होती.

हजेरी मात्र बाप्तिस्म्यासारखी घ्यायचे :
नाव पुरतं, बापाच्या नावासकट,
आणि पोराकडं बघून.

मग मार्च. दत्तू ऐवळे, बेडगचा,
बाहीत चिठ्ठी.
नियम चौदा. दोन वर्षं.
पत्र मी टाईप केलं, तीन प्रती.
सहीपाशी त्यांचा हात थांबला
तेवढ्यात तारखेवर शाईचा थेंब.
"चर्चमध्ये असतो तर," म्हणाले,
आणि वाक्य तिथंच ठेवून
टीपकागद मागितला.
संध्याकाळी सायकल काढून बेडगला गेले.
काय बोलणं झालं, फाईलला नाही.

निवृत्तीनंतरच्या रविवारी
त्यांना पुन्हा उपदेश दिला.
मीही गेलो; चपला काढायच्या की नाही, कळेना.
ते चढले, चष्मा पुसला,
आणि सवयीनं म्हणाले,
"मागच्या सभेचा वृत्तांत वाचून कायम करावा."
बाकांवर खसखस पिकली. तेही हसले.
हसू ओसरलं तरी पुढं बोलेनात.
मग शास्त्र मिटलं
आणि कागद नसताना वाचायला लागले :
गळकी टाकी.
फी माफ न झालेली सात पोरं,
नावानं, बापाच्या नावासकट.
प्रयोगशाळेतला भूपाल,
ज्याला कायम करायचं राहून गेलं.
आणि दत्तू. दत्तू बाळू ऐवळे, बेडग.

"कुणाची दुरुस्ती?"
पंखा तेवढा फिरत होता.
"अनुमोदन?"

मी सभासद नव्हतो त्या मंडळीचा,
तरी मागच्या बाकावरून हात वर गेला.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"मगदूम, लिहून घ्या."

खिसा चाचपला.
पेन घरी राहिलं होतं.
म्हणून हे आज.